पाणी का चढलं? सातवीच्या एका घटकाचा प्रकरण अभ्यास

एक बशी, एक काचेचा ग्लास आणि एक मेणबत्ती, एवढ्यावर हे सगळं प्रकरण घडलं. सातवीला विज्ञान शिकवताना 'हवा' या घटकात माझ्या वर्गात जे झालं, ते इथे क्रमाने मांडते आहे. अभ्यासक्रमाने ठरवून दिलेल्या मूलभूत ज्ञानाला किती जागा द्यायची आणि मुलांच्या शोधाला, कल्पकतेला किती, हा वाद शिक्षकांच्या खोलीत नेहमीचाच. पण तो बहुतेक वेळा मोघम चालतो. एका घटकापुरता, एका प्रयोगापुरता तो पाहिला तर काय दिसतं, हे नोंदवून ठेवावं असं मला मनापासून वाटलं.

घटकाला पाच तासिका होत्या आणि अध्ययन निष्पत्ती दोन. हवेतले घटकवायू, त्यांचं प्रमाण आणि उपयोग सांगता येणं ही पहिली. साध्या प्रयोगातल्या निरीक्षणांवरून अनुमान काढता येणं ही दुसरी. कागदावर दोन्ही एकाखाली एक गुण्यागोविंदाने बसलेल्या असतात. वर्गात मात्र त्या एकाच वेळेवर हक्क सांगतात. शिवाय घटक संपल्यावर सगळ्या तुकड्यांना एकच चाचणी, तिची प्रश्नपत्रिका आधीच तयार.

शिक्षकांच्या खोलीत दोन मतं होती. विज्ञान शिकवणारे आमचे एक ज्येष्ठ सर म्हणायचे, "आधी पाया पक्का करा मॅडम, मग काय शोधायचं ते शोधू द्या." आम्ही काही जण दुसऱ्या बाजूला होतो. मुलांच्या हातात साहित्य द्यावं, उत्तर त्यांच्या तोंडून यावं, शिक्षकाने फार बोलू नये, असं आमचं म्हणणं. त्यानुसार मी टाचणात पहिली तासिका पूर्णपणे प्रयोगाला दिली.

पहिला तास

बशीत रंगीत पाणी. मधोमध मेणाच्या थेंबावर चिकटवून उभी केलेली मेणबत्ती. ती पेटवायची आणि वर ग्लास पालथा घालायचा. ज्योत बारीक होत जाते, विझते आणि बशीतलं पाणी ग्लासमध्ये चढतं. सहा गट, सहा बश्या. सूचना एकच होती: काय दिसतं ते लिहा आणि ते का होतं ते आपसात ठरवा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. एका मुलाचं पाठ्यपुस्तक आधीच वाचून झालं होतं. तो म्हणाला, "ऑक्सिजन जळून संपला, त्याच्या रिकाम्या जागेत पाणी आलं." त्याच्या गटाने पट्टी लावून पाणी मोजलं. ग्लासच्या उंचीच्या साधारण पाचव्या भागापर्यंत ते आलं होतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे जवळपास पाचवा भागच. मुलं खूश झाली, मीही झाले. मी ते फळ्यावर लिहिलं, ते वह्यांत उतरलं. एका तासात ज्ञानही झालं आणि शोधही झाला, असं समजून मी टाचणात दोन्ही निष्पत्तींसमोर खूण केली.

वह्या गोळा करताना खिडकीजवळच्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, ज्योत जळत होती तेव्हा पाणी फारसं हललं नाही. विझल्यावर एकदम चढलं."

मी म्हणाले, "हो ना, तेव्हा ऑक्सिजन संपला."

ती "बरं" म्हणाली आणि बसली. त्या 'बरं'मध्ये पटल्याची खूण नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. ऑक्सिजन जळता जळता हळूहळू कमी होत असेल, तर पाणीही हळूहळू चढायला हवं. तिचं निरीक्षण माझ्या उत्तरापेक्षा नेमकं होतं, आणि मी ते त्याच उत्तराखाली झाकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या गटाने माझ्याकडून उरलेल्या मेणबत्त्या मागून घेतल्या. मी शेजारी उभी होते. त्यांनी एकाच बशीत तीन मेणबत्त्या लावल्या आणि तोच ग्लास वर ठेवला. पाणी आदल्या दिवसापेक्षा बरंच वर गेलं.

"बाई, ग्लास तोच आहे. हवा तेवढीच मावणार. मग ऑक्सिजन जास्त कुठून आला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुस्तकातलं कारण आणि खरं कारण

त्या संध्याकाळी मी वाचायला बसले, तेव्हा कळलं की हा घोळ एकट्या माझा नाही. पालथ्या भांड्याखाली ज्योत ठेवण्याचा हा प्रयोग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात फिलो ऑफ बायझँटियम या ग्रीक अभियंत्याने लिहून ठेवला आहे, आणि त्याचं चुकीचं स्पष्टीकरणही जवळपास तितकंच चिवट आहे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात १९९९ मध्ये जेम्स बर्क आणि अँटन लॉसन यांनी नेमक्या याच गैरसमजाच्या चिवटपणावर लेख लिहिला होता.

खरी गोष्ट अशी. बंद भांड्यात मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन संपलेला नसतो. २१ टक्क्यांवरून तो साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत तग धरत नाही. म्हणजे शंभर भाग हवेतले पाचेक भाग वापरले जातात. तेही पूर्ण नाहीसे होत नाहीत, कारण मेण जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि वापरलेल्या ऑक्सिजनच्या जवळपास दोन तृतीयांश जागा तो भरून काढतो. सोबत तयार होणारी वाफ काचेवर थंड होऊन पाणी बनते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो खरा, पण त्या काही क्षणांत फार थोडा. सगळा हिशोब केला तर ज्वलनामुळे रिकामी झालेली जागा शंभरात जेमतेम दोन भागांची.

मग एवढं पाणी चढतं कशाने? उष्णतेने. हवेचा दाब तोच राहिला, तर दर अंश सेल्सिअसला ती ० अंशावरच्या आकारमानाच्या १/२७३ इतकी फुगते. २५ अंशांची हवा ८५ अंशांपर्यंत तापली, तर ती एक पंचमांशाने फुगली. मेणबत्तीवर ग्लास आणतानाच आतली हवा तापू लागते, आणि फुगून मावेनाशी झालेली हवा बाहेर निघून जाते. काही ग्लास टेकण्याआधी, काही टेकल्यावर काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्या जास्त हवा तापवतात, म्हणून पाणी जास्त चढतं. आमच्या पट्टीवर आलेला पाचवा भाग हा निव्वळ योगायोग होता.

या योगायोगामुळेच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. 'हवेत २१ टक्के ऑक्सिजन' हे ज्ञान शंभर टक्के खरं होतं. 'पाणी पाचव्या भागापर्यंत आलं' हे निरीक्षणही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून आम्ही एक खोटं कारण तयार केलं, आणि ते मुलांनी स्वतः शोधलेलं असल्यामुळे अधिकच घट्ट बसलं.

मोकळ्या शोधाचा तास

तिसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि प्रामाणिकपणे सांगितलं की फळ्यावर लिहिलेलं कारण चुकीचं आहे. इथवर ठीक होतं. पण माझ्या मताशी निष्ठा ठेवून मी पुढे म्हणाले, "खरं कारण तुम्हीच शोधा. हवं ते साहित्य घ्या."

तो तास मी विसरणार नाही. सुरुवातीला उत्साह होता. एका गटाने उंच मेणबत्ती घेतली, मोठा ग्लास घेतला आणि पाणीही वाढवलं. पाणी कमी चढलं. यातल्या कशामुळे, ते कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या गटात 'ज्योत पाणी ओढून घेते' असं ठरलं. तिसऱ्या गटाचं म्हणणं, धूर जड असतो आणि तो पाण्याला दाबतो. एकाने विचारलं, "मेणात पाणी खेचणारं काही असतं का?" पंधरा मिनिटांनी बहुतेकांचं लक्ष ग्लासवरच्या काजळीत बोटाने नावं लिहिण्याकडे गेलं.

ही मुलं आळशी नव्हती. तापल्यावर वायू फुगतो हे त्यांना शिकवलेलंच नव्हतं. तो भाग अभ्यासक्रमात पुढच्या घटकात होता. जी कल्पना डोक्यात नाही, ती निरीक्षणातून आपोआप उगवत नाही. मी त्यांना कुलूप दिलं होतं आणि किल्ली पुढच्या महिन्यासाठी ठेवली होती.

दुसरी उणीव तितकीच ठळक होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही रीत त्यांना ठाऊक नव्हती. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरी-चौथीच्या मुलांना हीच रीत दोन प्रकारे दिली होती. काहींना उदाहरणांसह समजावून सांगितली, काहींना उतार आणि चेंडू देऊन स्वतः शोधू दिली. समजावून सांगितलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांना ती पक्की आली. स्वतः शोधणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच जमली. मला त्याहून विचार करायला लावणारा भाग त्यांच्या पुढच्या तपासणीत होता. इतरांनी केलेल्या प्रयोगांतल्या चुका हेरताना, स्वतः शोधून शिकलेली मुलं समजावून घेऊन शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. शोधून मिळालेलं ज्ञान आपोआप जास्त खोल असतं, ही माझी वर्षानुवर्षांची समजूत तिथे हलली.

पण त्या तासातली सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी होती. कोण बोलत होतं, ते मी पाहत होते. घरी पुस्तकं असलेली, मोठ्यांशी अशा गोष्टींवर बोलायला मिळणारी चार-पाच मुलं सगळे तर्क मांडत होती. बाकीची साहित्य धरून उभी होती, किंवा पाणी आणून देत होती. मोकळा तास सर्वांना सारखा मोकळा नव्हता. ज्याच्याकडे आधीचं ज्ञान जास्त, त्याला तो जास्त देत होता. ई. डी. हर्श हे अमेरिकी अभ्यासक १९८०च्या दशकापासून हेच सांगत आले: घरून जे मिळत नाही ते शाळेने नेमकं आणि क्रमाने दिलं नाही, तर मागे राहणारी मुलं मागेच राहतात. हर्श यांची बाजू घोकंपट्टीची, असं मी पूर्वी समजत होते. त्या दिवशी पाणी आणून देणाऱ्या मुलांकडे पाहताना त्यांचं म्हणणं मला न्यायाच्या बाजूचं वाटलं.

वीस मिनिटं सरळ शिकवलं

चौथ्या तासाला मी साहित्य वाटलंच नाही. पहिली वीस मिनिटं सरळ शिकवलं आणि त्याबद्दल मनात कसलाही संकोच ठेवला नाही.

शिकवल्या त्या तीन गोष्टी. पहिली, हवा तापली की फुगते आणि थंड झाली की आक्रसते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा लावून बाटली गरम पाण्यात ठेवली, फुगा उभा राहिला. मग थंड पाण्यात ठेवली, तो मान टाकून लोंबला. दुसरी, मेण जळताना ऑक्सिजन वापरला जातो, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे काही जातं तसं काही येतंही. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची रीत. तिची दोन उदाहरणं फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवली आणि तिसऱ्यात मुद्दाम चूक ठेवली. ती मुलांनी पकडली.

मग पाच मिनिटांची तोंडी उजळणी. वही बंद, एकेकाला प्रश्न. मुद्दाम गप्प राहणाऱ्यांना आधी. आदल्या दिवशी पाणी आणून देणाऱ्या एका मुलाने "आक्रसते" हा शब्द ठासून उच्चारला, तेव्हा तो शब्द आता त्याचा झाला हे ऐकू आलं.

उरलेल्या वेळात फळ्यावर तीन कारणं लिहिली, तिन्ही मुलांचीच. एक: ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढतं. दोन: ज्योत पाणी ओढते. तीन: तापलेली हवा थंड होऊन आक्रसते म्हणून पाणी चढतं. प्रत्येक गटाला काम असं दिलं: यातलं प्रत्येक कारण खरं असेल तर काय दिसायला हवं, ते प्रयोगाच्या आधी लिहा. पाणी कधी चढेल, जळताना की विझल्यावर? मेणबत्त्या वाढवल्या तर किती चढेल? आणि शेवटची ओळ कोरी: तिन्ही कारणांचा निवाडा करेल असा एक प्रयोग तुम्ही सुचवा.

पाचवा तास

कोऱ्या ओळीत काय आलं, ते सांगायलाच हवं.

एका गटाने सुचवलं, ग्लासच्या काठाकडे डोळे लावून बसायचं. हवा फुगून बाहेर जात असेल तर बुडबुडे दिसले पाहिजेत. त्यांनी बशीला नाक टेकवून पाहिलं. ग्लास झटकन ठेवला तेव्हा काठाखालून बुडबुडे सुटले. ज्योतीवर थोडा वेळ धरून सावकाश ठेवला तेव्हा जवळपास नाहीत, तरी पाणी चढलंच. "बाई, हवा आधीच पळाली!" हे वाक्य पुस्तकात नाही.

खिडकीजवळच्या मुलीने लिहिलं होतं: "मेणबत्तीच नको."

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. ग्लास गरम पाण्याने विसळायचा, पाणी झटकून टाकायचं आणि लगेच गार पाण्याच्या बशीत पालथा घालायचा. काहीच जळणार नाही, ऑक्सिजन जाणार नाही. तरी पाणी चढलं, तर कारण तिसरंच. आम्ही तसं केलं. पाणी चढलं, हळूहळू, मेणबत्तीपेक्षा कमी, पण सगळ्यांना दिसेल इतकं. पहिली दोन्ही कारणं तिथेच निकालात निघाली. गरम ग्लासातली वाफही थंड होऊन जागा सोडते, हे मी पुरवणी म्हणून सांगितलं.

मेणबत्तीच्या प्रयोगातून मेणबत्ती काढून टाकणं, याला मी सर्जनशीलता म्हणते. ती तिसऱ्या दिवशीच्या मोकळ्या तासात आली नव्हती, जरी साहित्य तेच होतं, मुलगी तीच होती आणि तिची शंकाही तीच होती. ती आली हवा आक्रसते हे कळल्यानंतर आणि एकच गोष्ट बदलायची हे हातात बसल्यानंतर. वाचनाबद्दलचा एक जुना अभ्यास इथे आठवतो. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा जास्त समजली. विचार करण्याचं कौशल्य हवेत तरंगत नाही, ते कशावर तरी उभं असतं.

उलट बाजूही तितकीच खरी. मी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं हे सगळं सांगून टाकलं असतं, तर मुलांनी ते वहीत उतरवलं असतं आणि तीन मेणबत्त्या कोणी लावल्याच नसत्या. पाणी विझल्यावर का चढतं, हा प्रश्न आधी पडला होता म्हणून 'आक्रसते' या शब्दाला जागा मिळाली. २०११ मध्ये लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांचा निष्कर्ष या प्रकरणाशी जुळतो. आधाराशिवाय सोडलेला शोध थेट शिकवण्यापेक्षा कमी पडतो, पण नीट आधार दिलेला शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरतो. आधार म्हणजे काय, हे मला आता ठोस सांगता येतं. माझ्या वर्गात ती फळ्यावरची तीन कारणं, 'आधी लिहा, मग करा' हा नियम आणि एक कोरी ओळ एवढीच होती.

चाचणीचा पेच

आता अडचण उभी राहिली ती प्रश्नपत्रिकेची. सगळ्या तुकड्यांच्या सामायिक चाचणीत प्रश्न होता: 'मेणबत्तीवर ग्लास पालथा घातल्यास पाणी का चढते?' आदर्श उत्तर: 'ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे.' दोन गुण. माझ्या वर्गातल्या मुलांनी खरं लिहिलं तर त्यांचे दोन गुण जाणार होते.

समतोलाच्या चर्चेत हा भाग सहसा येत नाही. वर्गात कितीही सुंदर शोध होऊ द्या, जे मोजलं जातं ते जुनंच राहिलं तर पुढच्या वेळी मूल ग्लासकडे न बघता उत्तरपत्रिकेकडे बघतं. आणि ते योग्यच करतं, कारण आपणच त्याला तसं शिकवतो.

मी ज्येष्ठ सरांकडे गेले. वाद घालायला गेले नाही, बशी घेऊन गेले. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर आधी एक मेणबत्ती, मग तीन, मग गरम पाण्याने विसळलेला ग्लास. सर शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं पाया पक्का करा म्हणतोय. पण पायात घातलेला दगडच कच्चा असेल तर?" त्यांनीच प्रश्न बदलायचा प्रस्ताव मांडला, आणि त्यांच्या शब्दाला माझ्यापेक्षा वजन होतं. ज्ञानाची बाजू घेणारा माणूस चुकीच्या ज्ञानाबाबत माझ्यापेक्षा जास्त कडक निघाला.

नवा प्रश्न दोन भागांत आला. पहिला भाग सरळ आठवणीचा: हवेतल्या नायट्रोजनचं आणि ऑक्सिजनचं प्रमाण लिहा. तो मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. ७८ आणि २१ हे आकडे तोंडावर असलेच पाहिजेत, ते दरवेळी शोधून काढण्यात काही शहाणपण नाही. दुसऱ्या भागात एक, दोन आणि तीन मेणबत्त्यांच्या निरीक्षणांचा तक्ता दिला आणि विचारलं: 'ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढते' असे एकजण म्हणतो. तक्त्यातली कोणती नोंद त्याच्या विरोधात जाते?

सरांनी आणखी एक गोष्ट दिली, जी मला सुचली नव्हती. "पण मॅडम, मग २१ टक्के मुलांना दाखवणार कसं?" ते म्हणाले आणि स्टील वूल घेऊन आले, म्हणजे केसासारख्या बारीक लोखंडी तारांचा गुंता. तो व्हिनेगरमध्ये बुडवून झटकायचा, लांब परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवायचा आणि नळी पाण्यात पालथी उभी करायची. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन घेतं. तयार होणारा गंज घन असतो, त्यातून दुसरा वायू येत नाही. होणारी उष्णताही इतकी सावकाश निघून जाते की शेवटी ती हिशोबात येत नाही. मेणबत्ती अर्ध्यावर हार मानते, लोखंड जवळपास सगळा ऑक्सिजन संपवूनच थांबतं. आमच्या नळीतलं पाणी हळूहळू चढत पाचव्या भागाजवळ आलं आणि तिथेच राहिलं. पहिल्या दिवशी जो आकडा आम्हाला चुकीच्या वाटेने मिळाला होता, तो आता खऱ्या वाटेने समोर होता.

जे जमलं नाही

पाच तासिकांच्या जागी आठ लागल्या. त्याची भरपाई पुढच्या घटकात करावी लागली. तो मी जवळजवळ पूर्ण समजावून सांगून, उजळणी घेऊन संपवला. मुलांना तो नीट आला. प्रत्येक घटकाला शोधाची गरज नसते, हे मी आता टाचण काढतानाच ठरवते. जिथे डोळ्यांना दिसणारं आणि पुस्तकात लिहिलेलं यांत फट आहे, तिथे वेळ द्यायचा. जिथे फक्त नावं, क्रम, व्याख्या आहेत, तिथे चांगलं शिकवायचं आणि पुढे जायचं. वर्षाला असे तीन-चार घटक नीट झाले तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे.

दुसरं अपयश जास्त बोचतं. महिन्याभराने मी न सांगता तोच प्रश्न पुन्हा विचारला. बऱ्याच मुलांनी 'ऑक्सिजन संपतो म्हणून' असंच लिहिलं. पहिल्या दिवशी मी टाळ्यांसह फळ्यावर लिहिलेलं वाक्य तीन तासांच्या पुराव्यानंतरही टिकून होतं. चुकीची कल्पना पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते, आणि उजळणी थांबली की जुनी वर येते. म्हणून आता हा प्रश्न वर्षभरात चार वेळा येतो, दर वेळी वेगळ्या रूपात. झाकण लावलेला गरम डबा थंड झाल्यावर उघडायला जड का जातो, हे त्यातलं एक रूप.

खिडकीतला ग्लास

चाचणी संपल्यावर ती खिडकीजवळची मुलगी पुन्हा आली. "बाई, मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन उरतो म्हणालात. किती उरतो, ते बघता येईल का?"

मी म्हणाले, "कसं बघशील?"

तिने दोन दिवस घेतले. मग वहीत चित्र काढून आणलं. मेणबत्ती विझू द्यायची, ग्लास पूर्ण थंड होऊ द्यायचा, पाण्याच्या पातळीवर खूण करायची. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्टील वूलचा बोळा वाकवलेल्या तारेवर बसवून काठाखालून, पाण्यातूनच आत सरकवायचा, बाहेरची हवा आत जाऊ न देता. ऑक्सिजन उरला असेल तर लोखंड गंजेल आणि पाणी खुणेच्या वर जाईल.

खोलगट भांडं शोधण्यात एक दिवस गेला. तार आत घालताना पहिला ग्लास कलंडला, दुसऱ्यांदा जमलं. आज तो ग्लास वर्गाच्या खिडकीत आहे आणि त्यावर मार्करच्या दोन रेघा आहेत. खालची मेणबत्ती विझून ग्लास थंड झाला त्या दिवसाची, वरची तिसऱ्या दिवसाची. दोन रेघांमधलं अंतर तिने पट्टीने मोजून शेजारी कागदावर लिहून ठेवलं आहे, आणि त्याखाली तिच्याच अक्षरात पुढचा प्रश्न आहे: 'तीन मेणबत्त्या लावल्या तर हे अंतर कमी होईल की तेवढंच राहील?'